रंगूनची काजळी

१

डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच ही जागा समोर आणा. अमरावतीतली एक अरुंद गल्ली. आता तिथे मोबाइलची आणि चष्म्यांची दुकानं आहेत, पण साठ वर्षांपूर्वी तिथे दारोदारी सिनेमा-कंपन्यांच्या पाट्या होत्या. मुंबईत तयार झालेला सिनेमा पत्र्याच्या गोल डब्यांत बसून रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायचा आणि या गल्लीतून अकोला, दर्यापूर, परतवाडा असा गावोगाव जायचा. एखादा सिनेमा पंचवीस आठवडे चालला, की त्यातले नट-नट्या खुद्द अमरावतीला यायचे. त्या दिवशी अख्खं गाव गच्चीवर चढायचं.

आणि ही मंडळी जेवायला कुठे जायची? गल्लीच्या टोकाला, निळ्या दाराच्या रंगून रेस्टॉरंटमध्ये. चला, आत शिरा. भिंत दिसते का? दिसणारच नाही, सगळे फोटो आहेत. हा बघा, पडद्यावर सगळ्यांना रडवणारा दांडगा खलनायक मिरची लागून रडतोय. ही लांब वेणीची नटी बोटं चाटतेय. हा नायक तिसरी ताटली मागतोय. त्या दिवशी तो स्वतःच्याच सत्काराला दीड तास उशिरा पोचला होता. प्रत्येक फोटोत दोन गोष्टी मात्र ठरलेल्या: पांढरी शेरवानी घालून कमरेत किंचित वाकलेले हॉटेलमालक अब्दुल गफ्फार, आणि त्यांच्या हाताशी एक काळाकुट्ट गंज.

गंज म्हणजे उभ्या काठाचं खोल पातेलं. हा पितळेचा होता. आतून कल्हईनं चांदीसारखा, बाहेरून मात्र कोळशासारखा, कारण बाहेरून तो कधी कुणाला घासूच दिला नव्हता.

"थे रंगूनची काजळी हाय," गफ्फारमिया प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. "माह्या मायच्या चुलीची. चौसष्ट साली फौजी राजवटीनं ब्रह्मदेशातून आमाले काढलं तवा मी सतरा वर्षांचा. जहाजात चढलो तं अंगावर सदरा अन् छातीशी हा गंज. दुसरं काईच नोतं."

मग ते त्या गंजातून वाफाळत्या शेवया वाढायचे. वर बेसनाचा पिवळा रस्सा, तळलेला लसूण, लिंबाची फोड. रंगूनी शेवया! नट म्हणायचे, अशी चव मुंबईतही नाही.

आता याच हॉटेलच्या दारात तुमच्या वयाची एक मुलगी उभी आहे असं समजा. अफिफा, वय वर्षं अकरा, गफ्फारमियांची नात. वार शुक्रवार, वेळ सकाळची. रस्ता रुंद करायचा म्हणून हॉटेल पाडलं जाणार आहे. आज संध्याकाळी सहाला निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि तो गंज शहरातल्या संग्रहालयाला द्यायचा आहे. चुलीवरून उतरला की तो दाराजवळच्या सागवानी स्टुलावरच बसायचा. अफिफानं दार ढकललं आणि सवयीनं तिकडे पाहिलं.

स्टूल रिकामं होतं. त्यावर काजळीचं एक गोल कडं तेवढं उरलं होतं.

२

"कुलूप तुटलं नाही. मागचं दार आतून बंद." अफिफाचे वडील, साजिद, स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. "किल्ल्या दोन. एक माह्याजवळ, अन् मी काल दुपारपासून अकोल्यात होतो. दुसरी कोनाजवळ हाय?"

दुसरी किल्ली कुणाजवळ आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. डोमाजी चुलीपाशी मान खाली घालून उभे होते. दर्यापूरचे डोमाजी, वय सत्तर. पन्नास वर्षांपूर्वी गफ्फारमियांनी त्यांना इथे आणलं, आणि तेव्हापासून हॉटेलातली प्रत्येक शेवई त्यांच्याच बोटांतून निघाली होती. काल हॉटेल बंद होतं. भाड्याची भांडी उतरवून घ्यायला डोमाजी एकटेच दिवसभर इथे होते.

"बोला ना, डोमाकाका. कुठी गेला गंज?"

"म्या चोरी केली नाही," डोमाजी हळूच म्हणाले. "अन् गंज ह्या दाराच्या बाहेर नेला नाही."

"मंग काय त्याले पाय फुटले?"

डोमाजी गप्प. अफिफाला नवल वाटलं. डोमाकाका एरवी गप्प बसणारे नव्हतेच. शेवया वळतावळता ते शंभर गोष्टी सांगायचे, आणि तिची शेवई तुटली की म्हणायचे, "अवो पोट्टे, दोर वळून राहिली का शेवई?"

"मी पोलिसाले फोन करतो," साजिद म्हणाले.

"पोलीस नाही," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. गफ्फारमिया सकाळपासून तिथेच बसले होते. त्यांनी चहाला हात लावला नव्हता.

"अब्बा, गावाले बोलावलं आपन!"

"नाही म्हनलो ना."

अफिफाला आजोबांचा चेहरा पाहवेना. भिंतीशी संध्याकाळच्या जेवणासाठी पाणी भरून ठेवलेल्या पितळी गंजांची ओळ होती, प्रत्येकावर ताट झाकलेलं. तिनं शेवटच्या गंजावरचं ताट उचललं. गंज इतका लखलखीत होता की त्यात तिला स्वतःचे दोन्ही कान दिसले. तिनं पेलाभर पाणी काढून आजोबांना दिलं. त्यांनी ते नुसतं हातात धरून ठेवलं.

"ठीक हाय," साजिद म्हणाले. "सहा वाजेपर्यंत थांबतो. तवापर्यंत नाही सापडला तं मी ठाण्यात जाइन, अन् किल्ली कोनाजवळ होती थे सांगीन. मले काय आनंद हाय का त्याचा? पन् लोकाले काय सांगू?"

डोमाजींनी एकदा गफ्फारमियांकडे पाहिलं. गफ्फारमियांनी नजर पेल्यात घातली.

ते अफिफाला सगळ्यात विचित्र वाटलं. ती तशीच पळत सुटली, गल्ली ओलांडून समोरच्या जिन्यावर.

३

त्या जिन्यावरच्या खोलीत इंदूबाई राहायच्या. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, म्हणून सारी गल्ली त्यांना इंदू मॅडम म्हणायची. अफिफानं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "डोमाकाकांनी नाही घेतला!"

"हे तू पाहिलंस का?"

"नाही, पण मला माहीत आहे."

"आधी पाहायचं, मग विचार करायचा, मग बोलायचं. तू थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारलीस." मॅडमनी काठी घेतली. "चल, पहिलीवर जाऊ."

हॉटेलात मॅडम कुणाशीच बोलल्या नाहीत. आधी स्टुलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अफिफा, त्या कड्याला कोपर लाव."

अफिफाच्या बाहीवर काळा पट्टा उमटला.

"तो गंज उचलायचा तर पोटाशी धरावा लागतो. इतका जड आहे. मग कपडे, हात, दाराची चौकट, सगळं काळं होणार. आता बघ."

अफिफा बघू लागली. कार्यक्रमासाठी परवाच भिंतींना चुना लावलेला. पुढच्या दाराकडे सगळं पांढरं शुभ्र. मागच्या दाराकडेही. फक्त एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरातून भांडी घासायच्या मोरीकडे वळताना, तिच्या खांद्याच्या उंचीवर काळ्या बोटांचे चार ठसे होते.

"मॅडम! गंज मोरीत गेला!"

"ठसे मोरीकडे गेले. एवढंच आपण पाहिलं."

मोरीत गंज नव्हता. पण जाळीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. अफिफानं काडीनं उकरलं. सात-आठ चिंचोके निघाले.

"शेवयांच्या रश्श्यात चिंच असते?"

"नाही. लिंबू. डोमाकाका चिंच डब्यातसुद्धा ठेवत नाहीत."

मॅडमनी चिंचोके रुमालात बांधले.

इतक्यात बाहेर मोटरसायकल थांबली. अमोल आला होता. अकोल्यात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि वर्षभरात तीनदा तो हा गंज मागायला येऊन गेला होता.

"ऐकलं मी," तो हेल्मेट काढत म्हणाला. "आता सगळे माह्याकडेच पाहतीन. पाहा ना, ही गाडी अन् ही पिशवी. ह्याच्यात कॅमेरा बसत नाही धड, थो गंज कुठी बसते?"

"काल आला होतास?"

"आलो होतो ना, चारच्या सुमारास. फोटो काढाचे होते. डोमाजीनं दारच नाही उघडलं. खिडकीतून म्हनते, उद्या ये. हात मागं लपवून उभा होता."

"तुला तो गंज कशासाठी हवा होता?"

"मॅडम, पितळेचे गंज बाजारात ढिगानं हायेत. हा रंगूनचा! त्या काजळीवर नट-नट्याईचे हात लागले. काजळी गेली का मंग काय राह्यलं? भंगारातलं पितळ."

साजिदही तिथे येऊन उभे होते. ते कडू हसले. "मले इचारलं तं मी पन् सांगतो. मले थो संग्रहालयाले द्याचाच नोता. अकोल्यात नवं हॉटेल टाकून राहिलो, तथी दाराशी ठेवनार होतो, आहे तसा, काळाच. लोक काजळीचे फोटो काढाले येतात. अब्बा आयकत नाहीत."

मॅडमनी अफिफाकडे पाहिलं. दोघांनीही एकच गोष्ट सांगितली होती. पण कोणती, ते अफिफाच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

४

दुपारी डोमाजी अंगणात बाजेवर बसून शेवया वळत होते. कणकेचा गोळा एका हातात, दुसऱ्या हाताच्या बोटांतून केसासारखी शेवई सुटत होती. चोरीचा आळ असला तरी संध्याकाळी दोनशे माणसं जेवणार होती.

अफिफा शेजारी बसली. मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"डोमाकाका, जेवले का?"

"डबा आनला बाप्पा. भूक नाही."

डबा बाजेवरच होता. झाकणावर बारीक ठिपक्यांनी ठोकलेलं नाव: डोमाजी महादेवराव, दर्यापूर. अफिफानं त्यावरून बोट फिरवलं.

"तुमच्या सगळ्या भांड्यांवर नाव असतं?"

"असतेच. आमच्याकडं लग्नातलं भांडं नाव टाकल्याबिगर घरात येत नाही. पंगतीत शंभर घरचे भांडे जमतात, मंग वळखू कसं येइन? बिननावाचं भांडं म्हनजे सुटलेलं ढोर. कोनाच्याही दावनीले जाते."

"मग आपल्या गंजावर नाव का नव्हतं?"

डोमाजींची शेवई तुटली. आयुष्यात पहिल्यांदा अफिफानं त्यांची शेवई तुटताना पाहिली.

"रंगूनचा होता ना थो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना बोलू लागले. "माह्या मायचाबी एक गंज होता. तिच्या बापानं लग्नात देल्लेला. म्या नऊ वर्षांचा असीन, तवा थो चोरीले गेला. माय म्हने, विहिरीवर ठेवला अन् कोनीतरी उचलला. माही आजी मरेपर्यंत तिले बोलली. भांडं नाही सांभाळता आलं, लेकरं काय सांभाळशीन? जेवाले बसली का बोले. पाहुन्यासमोर बोले. माय गुमान आयके."

त्यांनी दुसरा गोळा घेतला. "मायले वाटे, कधीतरी थो सापडीन."

अफिफा त्यांच्या हातांकडे बघत होती. काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. डोमाकाकांच्या नखांत कायम काजळी आणि हळद मुरलेली असायची. ईदच्या दिवशी नवा सदरा घातला तरी नखं काळीच. आज ती पांढरी स्वच्छ होती, आणि बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या.

ती उठली आणि मॅडमचा हात धरून जिन्याकडे निघाली.

५

"मला बोलायचं नाही," अफिफा जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली. पावणेपाच वाजले होते.

"का?"

"डोमाकाकांनी काल गंज घासला. चिंचेनं. ठसे त्यांचे, चिंचोके त्यांचे, नखं पण. म्हणजे..." तिचे डोळे भरले.

"पाहून झालं. आता दुसरी पायरी, विचार. चोर भांडं का चोरतो?"

"विकायला."

"आणि अमोल काय म्हणाला? तुझे बाबा काय म्हणाले?"

अफिफानं डोळे पुसले. "काजळी गेली की काही उरत नाही. दोघांनाही तो काळाच हवा होता." ती थांबली. "म्हणजे ज्याला विकायचा आहे, तो कधीच घासणार नाही. ज्याला चोरायचा नाही तोच घासेल!"

"पुढे?"

"काका म्हणाले, दाराबाहेर नेला नाही. ते खोटं बोलत नाहीत. बाहेर नेला नाही म्हणजे आत आहे. पण बाबांनी सगळं उलटंपालटं केलं. माळासुद्धा पाहिला."

"काय शोधत होते बाबा?"

"गंज."

"कसा गंज?"

"काळा..." अफिफा उभीच राहिली. सकाळी दिसलेले स्वतःचे दोन कान तिला आठवले.

ती धावत स्वयंपाकघरात गेली. भांडीवाल्याची चिठ्ठी खिळ्याला टोचलेली होती: ताटं दोनशे, पेले दोनशे, गंज पाच. तिनं ओळीतले गंज मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. भाड्याच्या भांड्यांना ओळखीसाठी काठाखाली लाल रंगाचा पट्टा असतो. पाचांना पट्टा होता. सहाव्याला नव्हता. सहावा सोन्यासारखा चमकत होता, पाण्यानं भरलेला. सकाळपासून सगळे त्यातलंच पाणी पीत होते.

अफिफानं आणि मॅडमनी मिळून त्याला अर्धा वळसा दिला. भिंतीकडची बाजू समोर आली. बारीक ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं होती.

सौ. रुख्मिणी महादेवराव, दर्यापूर. सन १९५३.

"पाहिलं पोट्टीनं," मागून डोमाजींचा आवाज आला. त्यांच्यामागे साजिद होते, अमोल होता, आणि भिंतीला धरत आलेले गफ्फारमिया होते.

"शेठ," डोमाजी म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. "तुमचा गंज काचेत जाऊन राहिला, तं चकचकीत जावा म्हनलं. तुमी घासू देत नोते, पन् वाटलं, पाहून खुश होतीन. चिंच लावली, राख लावली. अन् काजळीखालून माही माय निघाली. मंग नाव भिंतीकडं करून ओळीत मांडला, तुमी काय बोलता थे पाहाले."

त्यांनी नावावरून अंगठा फिरवला.

"पन्नास वर्षं म्या ह्याच्यात रांधलं. आता तुमीच सांगा, शेठ. ह्या घरात चोर कोन हाय?"

६

गफ्फारमियांनी भिंत सोडली आणि खाली, गंजापाशीच, बसले. शेरवानीला पाणी लागलं तरी त्यांना भान नव्हतं.

"रंगूनच्या बंदरावर शिपायाईनं आमच्यापासून सगळं उतरवून घेतलं, डोमा. माह्या मायचा गंज तथीच राह्यला. जहाजात मी रिकाम्या हातानं चढलो. कलकत्त्याहून मुंबईले चाललो होतो. बडनेऱ्याले पानी प्याले उतरलो अन् गाडी निघून गेली. मंग पोटासाठी सिनेमाचे डबे वाहू लागलो."

ते अक्षरांकडे बघत बोलत होते.

"एकदा दर्यापूरच्या जत्रेत तंबूच्या टॉकीजले डबे घेऊन गेलो. तथी एक बाई बाजेवर शेवया वाळू घालून राहिली होती. रंगूनले आमच्या घरासमोर माय अशाच घाले. मी बाजेपाशी बसलो अन् रडलो. ती म्हने, कावून रडून राहिला, बापू? मी सांगितलं. ती आत गेली अन् हा गंज भरून शेवया घेऊन आली. म्हने, घे. रांध, खाय. बरे दिवस आले का आनून दे."

"मायनं स्वतः देल्ला?" डोमाजी म्हणाले.

"माह्या हातात देल्ला."

"मंग विहिरीवरून चोरीले गेला कावून म्हने?"

विचारता विचारताच डोमाजींना उत्तर कळलं. अनोळखी, परदेशातून आलेल्या पोराला लग्नातलं भांडं दिलं म्हटलं असतं, तर सासूनं त्या पोरामागे माणसं धाडली असती. रुख्मिणीनं चोरी सांगितली आणि जन्मभर बोलणी खाल्ली.

"थे चोरीचं मी तुह्याच तोंडून आयकलं, तू इथी आल्यावर," गफ्फारमिया म्हणाले. "त्या दिवशी मले घास गिळला नाही."

"अन् वापस कावून नाही देल्ला?"

"आलो होतो रे. अकरा वर्षांनी, थैल्यात घालून. तुही माय दोन वर्षांआधी गेली होती. ओट्यावर तू शेवया वळून राहिला होता, तिच्याच बोटांनी. मी तुले म्हनलो, चाल माह्यासंगं."

"गंज थैल्यातच होता?"

"थैल्यातच होता."

"तवा सांगता आलं असतं, शेठ."

"तवापर्यंत तीन नट त्याच्यासंगं फोटो काढून गेले होते," गफ्फारमिया म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटून हसू फुटलं, डोळेही भरले. "डबे वाहनाऱ्या गफ्फारच्या हातचं कोन खाते? रंगूनच्या गंजातलं सगळे खात. रोज म्हनत होतो, आज डोमाले सांगतो. अन् रोज कोनीतरी ये, इचारे, थो रंगूनचा गंज कोनता? अन् मी कमरेत वाको. काजळी घासू देल्ली नाही थे मायची याद म्हनून नाही, डोमा. खाली तुह्या मायचं नाव होतं."

डोमाजींनी गंजाच्या काठावर हात ठेवला.

"माय म्हने सापडीन," ते शेवटी म्हणाले. "सापडला, तं माह्याच चुलीवर होता."

साजिद पुढे आले. "डोमाकाका, मी... सकाळी..."

"राहू दे. तू लहानपनी याहून वाईट बोले. मीठ जास्त झालं का ताट फेके." डोमाजींनी हात झटकले. "साडेपाच झाले. दोनशे लोक येऊन राहिले. शेठ, उठा. तुमाले उचलाले आता कोनी मोकळं नाही."

७

सहा वाजता गफ्फारमिया लोकांसमोर उभे राहिले तेव्हा अंगावर शेरवानी नव्हती, साधा सदरा होता. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंसमोर त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. या वेळी जहाजात चढताना त्यांचे हात रिकामे होते. लोक आधी कुजबुजले, मग पुढे सरकून ऐकू लागले. मागच्या रांगेत दर्यापूरची दोन म्हातारी माणसं होती. रुख्मिणीचं नाव आलं तेव्हा त्यांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला.

अमोलनं कॅमेरा काढला होता. तो त्यानं डोमाजींना आधी विचारूनच डोळ्याला लावला.

संग्रहालयाच्या बाईंना भिंतीवरचे फोटो मिळाले, आणि ती शेरवानीही. गंजाचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी डोमाजींकडे पाहिलं.

"मायचं भांडं काचेत काय करीन?" ते म्हणाले. "पानी काढा त्यातलं."

मागच्या अंगणात लाकडाची चूल पेटवली होती. गंज तिच्यावर चढला, नाव लोकांकडे करून. गफ्फारमियांनी फोडणी घातली, डोमाजींनी शेवया सोडल्या. दोनशे माणसं जेवली. सकाळपासून उपाशी असलेले दोन म्हातारे एकाच ताटात शेवटी बसले आणि लिंबू कुणी जास्त पिळलं यावरून भांडले.

तोवर लाकडाच्या धुरानं आपलं काम केलं होतं. गंजाचं बूड काळं झालं होतं आणि काजळीची जीभ वर चढत थेट 'रुख्मिणी'पर्यंत पोचली होती. साजिदनी गंज उतरवून मोरीकडे नेला, तसे गफ्फारमिया सवयीनं म्हणाले, "बाहेरून घासू नका..." आणि मध्येच थांबले.

अफिफानं इंदू मॅडमच्या रुमालाची गाठ सोडली आणि चिंचोके अंगणाच्या कडेच्या मातीत खोचले. मग तिनं उरलेली चिंच शोधून काढली, मूठभर मीठ घेतलं, बाह्या कोपराच्या वर सारल्या, नळ सोडला आणि गंजासमोर मांडी घालून घासायला बसली. 'रु'पासून.